मॉरिशस : बेटाचा भूगोल, राज्याचा दर्जा आणि माणसाचा दर्जा

नकाशा उघडून पाहिला असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्याचे पिंपळगाव राजा हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस विसाव्या अक्षवृत्तापासून थोड्याच अंतरावर आहे, आणि हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाची राजधानी पोर्ट लुई ही विषुववृत्ताच्या दक्षिणेस जवळजवळ तितक्याच अंतरावर आहे. आपल्याकडे वैशाखाचे ऊन तापत असते तेव्हा तिकडे हिवाळा सुरू होण्याच्या बेतात असतो. मुंबईपासून हे बेट साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक दूर असले, तरी तेथे मराठी माणसांची वस्ती आहे, शाळांतून मराठी शिकविली जाते आणि गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

आज आपल्याकडील वर्तमानपत्रांतून या बेटाची ओळख होते ती प्रामुख्याने पर्यटनाच्या जाहिरातींतून. निळे पाणी, पांढरी वाळू आणि नारळाची झाडे एवढेच त्या चित्रात असते. परंतु कोणत्याही भूमीचा विचार करताना ती दिसते कशी याबरोबरच तेथे माणूस माणसाशी कसा वागतो, हा प्रश्न बाबासाहेबांच्या अनुयायांनी विचारला पाहिजे. मॉरिशसच्या बाबतीत तर तो आपल्याशी थेट निगडित आहे. जातिव्यवस्थेतून आलेली माणसे जेव्हा समुद्रापलीकडच्या, जात माहीत नसलेल्या भूमीवर जाऊन राहतात, तेव्हा जातीचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर येथे दीडशेहून अधिक वर्षांच्या अनुभवाने दिलेले आहे.

बेटाची घडण

मॉरिशस हे मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटरांवर असलेले ज्वालामुखीजन्य बेट आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद-दोन तालुक्यांएवढे. सर्वोच्च शिखराची उंची ८२८ मीटर आहे. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत असून तिच्या आतील पाणी उथळ व शांत असते. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ. प्रजासत्ताकाची एकूण लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. पूर्वेस सुमारे साडेपाचशे किलोमीटरांवर असलेले १०८ चौरस किलोमीटरांचे रॉड्रिग्ज बेट आणि उत्तरेस सुमारे हजार किलोमीटरांवरील अगालेगाची दोन चिमुकली बेटे हीही याच राज्याचा भाग होत. शेजारचे रियुनियन बेट मात्र १९४६ पासून फ्रान्सचा एक जिल्हा म्हणून आहे.

भूशास्त्रज्ञांचे मत असे आहे की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या खोल अग्निस्रोतातून लाव्हा बाहेर पडून दख्खनचे पठार तयार झाले, त्याच स्रोतावरून भूकवच सरकत गेल्याने पुढे मालदीव, चागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन ही बेटे निर्माण झाली. मॉरिशसचे वय ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे सांगितले जाते. म्हणजे वऱ्हाडची काळी कपाशीची माती ज्या बेसाल्टपासून बनली, ज्या बेसाल्टमध्ये भिक्खुसंघासाठी अजिंठ्याची लेणी कोरली गेली, त्याचे आणि मॉरिशसच्या उसाच्या शेतातील काळ्या धोंड्यांचे उगमस्थान एकच. निसर्गाने जमीन घडविताना उच्चनीच असा भेद केलेला नाही. तो माणसाने नंतर आणला.

मालक बदलले, मजूर तेच

या बेटावर मूळचे रहिवासी नव्हते. अरब व पोर्तुगीज खलाशांना ते ठाऊक होते. १५९८ मध्ये डच तेथे उतरले व त्यांनी आपल्या मॉरिस नावाच्या राजपुत्रावरून त्याला नाव दिले. १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली आणि १७१० मध्ये ती सोडून दिली. डोडो हा उडता न येणारा पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले. १८१० मध्ये ते इंग्रजांनी जिंकले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने त्यांच्या मालकीवर शिक्कामोर्तब झाले. मात्र फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, भाषा व कायदा इंग्रजांनी तसेच ठेवले.

फ्रेंच राजवटीत आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर हे बेट उभे राहिले. १७२३ च्या राजाज्ञेने गुलाम ही मालकाची जंगम मालमत्ता ठरविली. माणसाला वस्तू ठरविणारा कायदा आणि माणसाला जन्मतः अपवित्र ठरविणारे धर्मशास्त्र यांत फरक आहे. गुलामगिरी कायद्याने आली होती, म्हणून ती कायद्याने संपविता आली. अस्पृश्यतेला धर्माचे पाठबळ होते, म्हणून तिच्याविरुद्ध १९२७ साली महाडला मनुस्मृतीचे दहन करावे लागले.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली. त्या वेळी साठ हजारांहून अधिक माणसे गुलाम होती. ब्रिटिश सरकारने आपल्या साम्राज्यातील गुलामगिरी संपविताना दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली. ती मालकांना दिली, गुलामांना नव्हे. मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही, शिक्षण मिळाले नाही. उलट 'शिकाऊ' या नावाखाली त्यांना १८३९ पर्यंत त्याच मालकांच्या शेतावर राबावे लागले. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाशी ल मॉर्न नावाचा सुळका आहे. पळालेले गुलाम तेथे आश्रय घेत. लोकपरंपरा अशी सांगते की, मुक्तीची बातमी घेऊन आलेल्या शिपायांना पाहून ते आपल्याला पकडावयासच आले आहेत असे समजून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही कथा अक्षरशः घडली असो वा नसो, ज्याच्या हातून आजवर केवळ छळ झाला त्याच्या हातून मुक्ती येईल यावर पीडिताचा विश्वास बसत नाही, हे तिच्यातील सत्य आपण समजू शकतो.

करारबद्ध मजूर आणि मराठी माणूस

गुलामांच्या जागी मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. ते हिंदुस्थानातून आणले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढील सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे या बेटावर आणली गेली. बहुसंख्य बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील भोजपुरी बोलणारी होती. मद्रासकडून तमिळ व तेलुगू, तर मुंबई बंदरातून कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील, आणि घाटावरील मराठी माणसे गेली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ मध्ये उभारलेल्या ठाण्यात प्रत्येकाची नोंद होई. तेथे त्याला एक क्रमांक मिळे आणि तोच त्याचे सरकारी नाव बने. आज 'आप्रवासी घाट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ठाण्याचा युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशात समावेश केला.

करार पाच वर्षांचा असे. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने, करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र चिकटविलेला परवाना बाळगणे सक्तीचे झाले ; तो जवळ नसल्यास भटक्या म्हणून तुरुंगात टाकले जाई. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या युरोपीय गृहस्थाच्या पुढाकाराने नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांनी अर्ज केला. त्यातून १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग आला व १८७५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. आपल्या दुःखाची लेखी नोंद करून ती सत्तेपुढे मांडणे, हे अक्षरशत्रू म्हणून हिणविल्या गेलेल्या माणसांनी केलेले मोठे काम होते.

या माणसांनी रात्रीच्या वेळी 'बैठका' चालविल्या. गवताने शाकारलेल्या झोपडीत मुले आपली भाषा शिकत व वडीलधारी गावाच्या प्रश्नांची चर्चा करीत. आपल्या वस्तीतील विहार आणि समाजमंदिरे यांनी जे काम केले, त्याच्याशी ते ताडून पाहण्यासारखे आहे. आज तेथील बहुतेक मराठी कुटुंबांची घरातील भाषा क्रेओल आहे. तरीही शाळा, मंडळे आणि १९७० मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी संस्था यांच्याद्वारे मराठीचे अध्ययन टिकून आहे.

जात समुद्र ओलांडते काय ?

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या जातिविषयक ग्रंथाचा आधार देऊन असा इशारा नोंदविला की, हिंदू जर जगाच्या इतर भागांत जाऊन वसले तर जात ही जगाची समस्या होईल. त्याच निबंधात त्यांनी जातीचे मर्म कशात आहे हेही सांगितले. व्यवसाय, सोवळेओवळे, रोटीबंदी ही जातीची लक्षणे आहेत. तिचा प्राण आहे तो जातीअंतर्गत विवाह.

मॉरिशसच्या इतिहासाने या सिद्धान्ताची जणू परीक्षाच घेतली. समुद्रपर्यटन शास्त्राने निषिद्ध मानले होते. लाखोंनी ते केले. जहाजावर सर्वांना एकाच कढईतील अन्न मिळाले. मळ्यावरील लांबच लांब खोल्यांत भिन्न जातींची कुटुंबे एका भिंतीआड राहिली. ऊस तोडताना मुकादमाने कोणाची जात विचारली नाही. कुंभार, लोहार, तेली, चर्मकार हे सारे एकाच कोयत्याचे मजूर झाले. बलुतेदारी तेथे रुजलीच नाही. अस्पृश्यतेचे पाणवठ्यावरचे रूप बऱ्याच अंशी गळून पडले. म्हणजे व्यवसाय गेला, रोटीबंदी सैल झाली, गावकुसाबाहेरची वस्तीही गेली.

मग जात गेली काय ? गेली नाही. ती विवाहात राहिली आणि कालांतराने निवडणुकीच्या हिशेबात प्रकट झाली. बहुसंख्य उत्तर भारतीय हिंदूंत वैश्य, बाबूजी, राजपूत आणि रविवेद अशी नावे आजही प्रचलित आहेत. रविवेद हे नाव ज्यांना भारतात अस्पृश्य मानले गेले अशा चर्मकार समाजाच्या वंशजांचे. उमेदवारी देताना व मंत्रिमंडळ बनविताना या गटांचा विचार होतो, हे तेथील राजकारणातील सर्वपरिचित वास्तव आहे. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये जे तर्काने मांडले, ते या बेटावर अनुभवाने सिद्ध झाले. शरीराला चिकटलेले धुतले जाते, मनाने धरलेले सुटत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह आणि त्याआड येणाऱ्या धर्मशास्त्रांच्या प्रामाण्याचा त्याग यांवर भर दिला आणि अखेरीस १९५६ मध्ये धम्माचा स्वीकार केला.

याची आणखी एक खूण मॉरिशसच्या राज्यघटनेतच आहे. भेदभावाची व्याख्या करणाऱ्या तिच्या सोळाव्या कलमात वंश, वर्ण, पंथ, लिंग यांच्याबरोबर 'जात' हाही शब्द आहे. आफ्रिका खंडाच्या समुद्रातील एका बेटाच्या घटनेत हा शब्द लिहावा लागला, यातच केतकरांनी वर्तविलेले आणि बाबासाहेबांनी नोंदविलेले भाकीत खरे ठरले.

राज्याचा दर्जा

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. सर शिवसागर रामगुलाम हे पहिले पंतप्रधान. १२ मार्च १९९२ रोजी ते प्रजासत्ताक बनले. राष्ट्राध्यक्षांची निवड राष्ट्रीय सभा करते व खरी सत्ता पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळाकडे असते. अंतिम अपील मात्र अद्यापि लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. रॉड्रिग्ज बेटाला २००२ पासून स्वतःची प्रादेशिक सभा आहे.

स्वातंत्र्य सर्वांनाच हवे होते असे नाही. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्यास विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. हिंदू बहुमताच्या राज्यात आपले काय होईल ही भीती त्यामागे होती. त्यावर उपाय म्हणून घटनेत एक विशेष तरतूद आहे. मतदारांनी निवडलेल्या ६२ सभासदांव्यतिरिक्त, ज्या समाजांना पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नाही त्यांच्या पराभूत उमेदवारांतून कमाल आठ जणांना जागा दिल्या जातात. त्यासाठी घटनेने चार समाज मानले आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि 'सर्वसाधारण लोकसंख्या'.

या वर्गवारीचा बारकाईने विचार केला पाहिजे. पहिल्या तीन समाजांत न बसणारे सर्व चौथ्यात येतात. म्हणजे साखरेच्या मळ्यांच्या गोऱ्या मालकांचे वंशज आणि त्यांच्या गुलामांचे वंशज हे दोघेही एकाच रकान्यात आले ! तसेच 'हिंदू' या एका शब्दाखाली वरच्या जातीचे व रविवेद दोघेही झाकले गेले. जो खरोखर वंचित आहे तो रकान्यात दिसेनासा झाला. बाबासाहेबांनी मागितलेले घटनात्मक संरक्षण सामाजिक अन्यायाच्या मोजमापावर उभे होते. येथे ते केवळ धर्म आणि वंश यांच्या शिरगणतीवर उभे राहिले. तीही शिरगणती १९७२ ची. त्यानंतरच्या जनगणनेत समाजाची नोंदच घेतली जात नाही. जुन्या आकड्यांवर आधारलेल्या या व्यवस्थेसाठी उमेदवाराला आपला समाज जाहीर करण्याची सक्ती करणे हे मानवी हक्कांशी विसंगत आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये सांगितले.

याचा परिणाम १९९९ च्या फेब्रुवारीत दिसला. काया या क्रेओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि गुलामांच्या वंशजांचा दडपलेला असंतोष दंगलींच्या रूपाने उफाळला. पुढे सरकारने गुलामगिरी व करारबद्ध मजुरी यांच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी सत्य आणि न्याय आयोग नेमला. त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. आज १ फेब्रुवारी व २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी तेथे राष्ट्रीय सुट्टी असते. एक गुलाममुक्तीची, दुसरी मजुरांच्या आगमनाची. दोन्ही दुःखे एका ऊसमळ्यातील आहेत, हे ज्या दिवशी दोन्ही समाज एकत्र येऊन मानतील, त्या दिवशी बंधुतेला प्रारंभ होईल. राजकीय समता असूनही सामाजिक विषमता राहिली तर लोकशाही धोक्यात येते, हा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत दिलेला इशारा केवळ भारतापुरता नव्हता.

चागोस आणि वऱ्हाड

मॉरिशसच्या राजकीय दर्जाचा सर्वांत दुःखद अध्याय चागोस बेटांचा आहे. स्वातंत्र्य देण्यापूर्वी, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली व त्यासाठी तीस लाख पौंड दिले. तेथील दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात तेथील सर्व रहिवासी, म्हणजे दीड ते दोन हजार माणसे, मॉरिशस व सेशेल्स येथे हलविण्यात आले. ते नारळाच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांचे व भारतीय मजुरांचे वंशज होते. अधिकाऱ्यांनी कागदोपत्री त्यांना कायमचे रहिवासी मानलेच नाही. ते तात्पुरते कंत्राटी मजूर आहेत असे दाखविले. ज्याच्या पिढ्या एका भूमीत गाडल्या गेल्या, त्याला एका शब्दाने उपरा करता येते, हे आपल्याला नवीन नाही.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही विभागणी बेकायदा असल्याचा अभिप्राय दिला. त्याच वर्षी २२ मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी ब्रिटनला माघार घेण्यास सांगितले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. त्यानुसार बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसचे, परंतु दिएगो गार्सिया वार्षिक रकमेच्या मोबदल्यात ९९ वर्षे ब्रिटनच्या ताब्यात. चागोसवासीयांना वाटाघाटीत पक्षकार म्हणून स्थान नव्हते.

वऱ्हाडातील वाचकांना हा व्यवहार ओळखीचा वाटेल. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायमच्या पट्ट्याने घेतले. सार्वभौमत्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा आणि कापूस मँचेस्टरचा. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तोही कापसासाठी. पिंपळगाव राजाच्या शेतकऱ्याला वा गावकुसाबाहेरच्या महाराला या सर्व व्यवहारात कोणी काही विचारले नाही. झेंडा कोणाचा हा प्रश्न दरबारात सुटत गेला. विहिरीवर पाणी कोणी भरावे हा प्रश्न तसाच राहिला.

समारोप

सारांश, राज्याचा दर्जा आणि माणसाचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला तहाने, करारनाम्याने वा न्यायालयाच्या निर्णयाने बदलतो. दुसरा बदलावयास मनाची मशागत लागते. मॉरिशसने पहिल्या बाबतीत मोठा पल्ला गाठला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. लष्करी उठाव नाही, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत, ही लहान देशाची मोठी कमाई आहे. दुसऱ्या बाबतीत तेथील समाजापुढील काम आणि आपल्यापुढील काम एकच आहे.

पाली भाषेत 'दीप' या शब्दाचे दोन अर्थ होतात, दिवा आणि बेट. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदाला केलेल्या अंतिम उपदेशात हाच शब्द येतो. आपण त्याचा अर्थ बहुधा दिवा असा घेतो. अनेक विद्वान तेथे बेट हा अर्थ घेतात. पुरात वाहून जाणाऱ्या माणसाला जिथे पाय टेकता येतात, अशी उंच कोरडी जागा. गुलामाला, गिरमिट्याला, चागोसच्या निर्वासिताला अशी जागा कोणत्याही राजाने दिली नाही. ती त्यांना स्वतः शोधावी लागली. आपल्याला ती धम्मात मिळाली. परंतु ज्याला बेट सापडले त्याने इतरांचा बुडण्याचा आवाज ऐकला पाहिजे, आणि आपल्याच बेटावर पोटजातीचे कुंपण तर उभे राहत नाही ना, याकडेही लक्ष ठेवले पाहिजे. आपल्या घरातील मुलामुलींचे विवाह जुळविताना आपण कोणता प्रश्न प्रथम विचारतो, याचे प्रामाणिक उत्तर प्रत्येक उपासकाने व उपासिकेने स्वतःशी द्यावे. मॉरिशसचा इतिहास आपल्याला हाच प्रश्न विचारीत आहे.